उत्तरेचा उजेड

लोअर परळला ना. म. जोशी मार्गावरून एखाद्या जुन्या गिरणीच्या आवारात शिरलं की आधी पाट्या दिसतात. जाहिरात कंपनी, सलोन, बेकरी, वास्तुविशारदांचं कार्यालय, योगवर्ग, बिअर गाळणारं उपाहारगृह. मान थोडी वर केली की या सगळ्या पाट्यांच्या डोक्यावर एकच छप्पर दिसतं. एक बाजू उतरती, दुसरी जवळजवळ उभी. पुन्हा उतरती, पुन्हा उभी. करवतीच्या दात्यांसारखी ही रेघ पार मागच्या भिंतीपर्यंत जाते.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘जुनी वास्तू, नवा वापर’ हा विषय दिला, तेव्हा मी वाडे आणि राजवाडे बाजूला ठेवून गिरणगावात जायचं ठरवलं. जुन्या इमारतींचं कामाच्या नव्या जागांत रूपांतर मुंबईत सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं ते इथे. साठेक गिरण्या, सुमारे सहाशे एकर जमीन, आणि 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेलेले जवळपास अडीच लाख कामगार. त्या संपाची आणि त्यानंतरच्या वाताहतीची कथा मराठी वाचकाला माहीत आहे. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने ती घराघरात नेली, आणि नीरा आडारकर व मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून ती नोंदवून ठेवली. मला या वेळी माणसांइतकंच इमारतींकडे बघायचं होतं. या शेड कशा बांधल्या होत्या, त्यांच्यात आता काय चालतं, आणि त्यातलं काय टिकतं, काय फसतं, हे समजून घ्यायचं होतं.

सोबत एक निवृत्त विणकर आले होते. मूळचे कोकणातले, शिवडीच्या चाळीत राहणारे, संपापर्यंत साचेखात्यात काम केलेले. आवाराचं फाटक ओलांडल्यावर त्यांनी पाट्या वाचल्या नाहीत. छपराकडे एकदा पाहिलं आणि उत्तर दिशा कुठे ते हाताने दाखवलं.

छपराचं गणित

साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणाऱ्याला तुटलेला धागा लगेच दिसला पाहिजे. तो दिसला नाही तर कापडात दोष राहतो आणि दंड विणकराच्या पगारातून जातो. त्यासाठी भरपूर उजेड हवा, पण थेट ऊन नको. उन्हाने सावल्या पडतात, डोळे दिपतात, आणि हवा कोरडी झाली की सूत जास्त तुटतं. यावर लँकेशायरमधल्या गिरण्यांनी काढलेला उपाय म्हणजे हे करवती छप्पर. उभ्या बाजूला काचा, त्यांचं तोंड उत्तरेला. उतरत्या बाजूला कौलं किंवा पत्रे, त्यांची पाठ दक्षिणेच्या उन्हाकडे. आत येतो तो फक्त आभाळाचा उजेड. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखा, मऊ, कुठेही न टोचणारा.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढून ताडदेवला मुंबईतली पहिली सूतगिरणी उभी केली. तेव्हापासून यंत्रं विलायतेहून आली, सुरुवातीला खांबही तिकडेच ओतलेले आले, आणि आराखडेही त्यांच्याबरोबर आले. मात्र मुंबई 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य इथे डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मँचेस्टरला असं कधीच होत नाही. म्हणून ऐन मे महिन्यात इथल्या शेडमध्ये थोडं ऊन शिरतंच. पुढे पावसाचे ढग येतात आणि तो प्रश्न परस्पर मिटतो.

पावसाचं गणित याहून अवघड. दोन दात्यांमधल्या खोबणीत सगळं पाणी जमतं. ते न्यायचं कुठे? शेड इतकी रुंद असते की पाणी बाजूच्या भिंतीपर्यंत नेणं शक्य नसतं. म्हणून अनेक शेडमध्ये बिडाचे खांब आतून पोकळ ओतलेले असतात. छप्पर तोलणारा खांबच पावसाचं पाणी खाली जमिनीखालच्या गटारात नेतो. विणकरकाकांनी एका खांबाला टकटक केलं आणि कान लावला. खांब पोकळ होता. त्याच्या अंगावर आता सुरेख गडद हिरवा रंग आहे, आणि पायथ्याशी विदेशी फरशी अगदी घट्ट बसवलेली आहे.

या आवाराची देखभाल पाहणाऱ्या गृहस्थांशी बोलताना कळलं की त्यांच्या जूनमधल्या निम्म्या तक्रारी या खांबांच्या असतात. फरशी घालणाऱ्याला खालचं गटार ठाऊक नसतं, तो तोंड बुजवून टाकतो. मग पाणी खांबात तुंबतं, वरच्या खोबणीतून उसळतं, आणि कुणाच्या तरी बैठकीच्या टेबलावर गळतं. भाडेकरू छपरावर डांबर ओतायला सांगतो, पण दोष असतो पायाखाली. दरवर्षी मे महिन्यात माणसं चढवून खोबण्या साफ करून घेणं, खांबाच्या तोंडाशी जाळी बसवणं आणि जमिनीखालच्या गटाराची झाकणं उघडी राहतील हे पाहणं, एवढ्यावर पावसाळा निभावतो. गिरणीत यासाठी कायम माणसं असत. आता ते काम कंत्राटावर आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदलतो.

उजेडाचं काय झालं, ते प्रत्येक गाळ्यात वेगळं. बहुतेकांनी वातानुकूलनाचं बिल पाहून वरच्या काचांखाली पांढरं खोटं छत ठोकलं आणि दिवसभर ट्यूबलाइट लावले. ऐंशी-शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी इतका विचार करून आणलेला उजेड त्या छताच्या वर पडून राहतो, आणि खालचं कार्यालय कुठल्याही तळघरातल्या कार्यालयासारखं दिसतं. हे बघून मला फार वाईट वाटलं. या जागेचं भाडं लोक मोजतात ते जिच्यासाठी, तीच गोष्ट झाकलेली असते.

पण एका डिझाइन स्टुडिओने नेमकं उलटं केलं आहे. उतरत्या बाजूचे जुने सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पत्रे काढून तिथे उष्णता अडवणारे दुपदरी पत्रे घातले. उत्तरेच्या काचा तशाच ठेवल्या, फक्त लाकडी चौकटी दुरुस्त केल्या. हवेच्या नळ्या छपराच्या कैच्यांखाली उघड्या टांगल्या. आतल्या सगळ्या आडभिंती माणसाच्या डोक्याच्या जरा वर येऊन थांबतात, त्यामुळे उजेड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाहतो. भर दुपारी तिथे एकही दिवा लागलेला नव्हता. कापडाचे नमुने टेबलावर मांडून दोन मुली रंग जुळवत होत्या. काका त्यांच्या मागे उभे राहून बराच वेळ ते कापड बघत राहिले, मग हात न लावता त्यांनी विणीतला एक दोष दाखवला. मुली चकित झाल्या. ज्या कामासाठी हा उजेड आणला होता, जवळपास तेच काम त्याच उजेडात चाललं होतं.

खांबाला धक्का न लावता

साचेखातं एकमजली असे, कारण साच्यांचा हादरा वरचा मजला सहन करत नाही. सूतकताई मात्र मजल्यांवर चाले. त्या इमारती वेगळ्या: जाड दगडी किंवा विटांच्या भिंती, आत ओळीने बिडाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांमध्ये विटांच्या लहान कमानी, लांबच लांब खिडक्या. खांबांमधलं अंतर यंत्राने ठरवलेलं. रिंग फ्रेम बसेल, शेजारी बॉबिनची गाडी ढकलत माणूस जाईल, एवढं. आज त्याच अंतरात संगणकांच्या रांगा मांडलेल्या आहेत आणि त्या अगदी चपखल बसतात. माल आणि यंत्रांचा भार तोलायला बांधलेले हे मजले खुर्च्या-टेबलांचं ओझं सहज झेलतात.

अडचण येते ती उंचीमुळे. पंधरा-अठरा फूट उंच छत दिसलं की भाडेकरूला मध्ये माळा टाकावासा वाटतो. चौरस फुटाचा भाव पाहता ते समजण्यासारखं आहे. पण बीड हा विचित्र धातू आहे. वरून येणारा भार तो शतकभर निमूट पेलतो. बाजूने ओढलं, वाकवलं तर सूचना न देता तडकतो. त्याला नीट वेल्डिंग होत नाही. त्यात भोक पाडून ब्रॅकेट बसवणं म्हणजे इमारतीशी जुगार खेळणं. आणि नेमकं तेच अनेक ठिकाणी केलेलं दिसतं.

जाणता अभियंता जुन्या खांबाला हात लावत नाही. डब्यात डबा ठेवावा तसा तो जुन्या कवचाच्या आत नवा पोलादी सांगाडा उभा करतो. त्याचा पाया वेगळा, वजन वेगळं, दोन्हींमध्ये बोटभर फट. उद्या नवा भाडेकरू आला तर बोल्ट काढून सगळं बाहेर नेता येतं, जुनी इमारत आहे तशी उरते. खर्च जास्त, जागा थोडी कमी. पण असं काम केलेल्या एका गाळ्यात शिरल्याबरोबर फरक जाणवतो. जुनी भिंत जुनी राहते आणि नवं काम आपण नवं असल्याचं लपवत नाही.

याच परिसरातल्या मथुरादास मिल आवारातल्या जुन्या गोदामात 2007 मध्ये ‘ब्लू फ्रॉग’ नावाचं संगीतगृह सुरू झालं होतं, ते 2016 पर्यंत चाललं. पत्र्याचं छप्पर आणि कठीण भिंती असलेल्या गोदामात आवाज घुमतो, हे ओळखून वास्तुविशारदांनी आत गोल बैठकांचं पायऱ्यापायऱ्यांचं सभागृह स्वतंत्रपणे घडवलं होतं. मला ते उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे आधी गोदामाचा स्वभाव तपासला गेला आणि मग सजावट आली. साचेखात्यात आवाज इतका असे की विणकर ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. काकांना अजून ती सवय आहे. रस्त्यावर गोंगाट वाढला की ते आपोआप हातांनी बोलू लागतात.

एका खांबावर साधारण दहा फुटांवर लोखंडाचा सपाट उंचवटा होता, भोकं पाडलेला. स्टुडिओतल्या लोकांना तो नक्षीचा भाग वाटत होता. काकांनी सांगितलं की तिथे दांड्याची बैठक बसवत. पूर्वी एका मोठ्या इंजिनावर सगळी गिरणी चाले. छताजवळून लांब फिरता दांडा जाई, आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्राला फिरवत. त्यांच्या काळात प्रत्येक साच्याला स्वतंत्र मोटर आली होती, पण त्यांच्या वडिलांनी पट्ट्यांचा काळ पाहिला होता आणि पट्ट्यात हात गेलेली माणसंही.

शेड का वाचल्या

गिरणीच्या या शेड कुणाच्या वारसाप्रेमामुळे उरल्या असा समज असेल तर तो सोडून द्यावा लागेल. त्या उरल्या नियमातल्या एका फटीमुळे, आणि पडल्या तो नियम बदलल्यामुळे.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम क्रमांक 58 आला. गिरणीमालकाला जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर साधारण एक तृतीयांश जमीन महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला, अशी ती वाटणी. कागदावर हा नियम शहराच्या भल्याचा होता. पण त्यातच सवलत होती: उभ्या इमारतीतला वापर बदलायचा असेल, तिथे व्यापारी कारभार आणायचा असेल, तर ही वाटणी लागू होत नव्हती. मालकाने साधा हिशोब केला. शेड पाडली तर जमीन द्यावी लागते. शेड ठेवली, आत कार्यालयं आणि दुकानं आणली, तर काहीच द्यावं लागत नाही. म्हणून नव्वदीच्या दशकात अनेक आवारांत शेड ठेवल्या गेल्या. सेनापती बापट मार्गावर 1905 सालच्या फिनिक्स गिरणीत त्या दशकाच्या अखेरीस बोलिंग ॲली आली, तेव्हा कामगारांच्या मनोरंजनाच्या नावाखाली हे चाललंय असा आरोप गिरणी कामगारांच्या कार्यकर्त्यांनी केला होता. पुढे तिथे मॉल वाढत गेला. आज त्या आवारात गिरणीची चिमणी उभी आहे, आणि तिच्याखाली लोक फोटो काढतात.

दरम्यान चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1996 मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींबद्दल अहवाल दिला. शेजारशेजारच्या गिरण्यांचा एकत्र विचार करावा, मधून रस्ते, बागा, सार्वजनिक जागा काढाव्यात, असं तो सांगत होता. तो बाजूला पडला. 2001 मध्ये नियम 58 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणीसाठी फक्त आधीपासून मोकळी असलेली जमीनच धरायची असं ठरलं. इमारती पाडल्यावर मोकळी होणारी जमीन वाटणीतून सुटली. एका वाक्यात मालकाचा हिशोब उलटा झाला. आता पाडण्यातच फायदा होता. पर्यावरणवादी संस्था न्यायालयात गेल्या, उच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2001 ची दुरुस्ती कायम ठेवली. 2005 मध्येच महामंडळाची मुंबई टेक्स्टाइल मिल 702 कोटींना विकली गेली होती, दादरची कोहिनूर नंबर तीन 421 कोटींना. या आकड्यांपुढे करवती छप्पर कुणाला दिसणार? श्रीनिवास मिलच्या जागी मनोरे उभे राहिले, ज्युपिटर आणि एल्फिन्स्टनच्या जागी काचेची व्यापारी केंद्रं.

आज जी आवारं जुन्या शेडसह उभी आहेत, त्यांच्या नशिबात बऱ्याचदा हा अपघात आहे: भावकीचा वाद, खटला, किंवा भाड्याचं चालू उत्पन्न सोडायला तयार नसलेला मालक. शहराने त्यांच्यासाठी काही केलेलं नाही. माझी तक्रार नेमकी इथे आहे. एवढ्या जमिनीचा फैसला करणाऱ्या नियमांनी इमारतीकडे फक्त चौरस मीटर म्हणून पाहिलं. तिचा उजेड, तिची ताकद, तिचं पाणी यांची किंमत त्या सूत्रात कुठेच नव्हती.

आगीची भीती गिरणीला होती

कापूस पेटतो, आणि त्याची हवेत तरंगणारी तूस त्याहून पटकन पेटते. त्यामुळे गिरण्या बांधणाऱ्यांनी सर्वात आधी आगीचा विचार केला होता. जिना मुख्य दालनाबाहेर वेगळ्या मनोऱ्यात. मनोऱ्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी, तिथून छतभर पसरलेले पाण्याचे नळ, उष्णता वाढली की आपोआप फुटणारे त्यांचे नोझल. खात्याखात्यांमध्ये जाड लोखंडी दारं. कापूस पिंजण्याची ब्लो रूम शक्य तितकी दूर. वाळूच्या बादल्या. आणि फाटकावर झडती. विडी-काडी आत न्यायची नाही, नेली तर थेट दंड. काकांच्या आठवणीत मुकादमाची सगळ्यात मोठी धास्ती याच एका गोष्टीसाठी होती.

नंतर या आवारांमध्ये स्वयंपाकघरं आली, गॅसच्या टाक्या आल्या, हुक्क्याचे निखारे आले, गच्च्यांवर बांबू आणि प्लास्टिकचे मांडव आले. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर कमला मिल आवारात गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि चौदा माणसं गेली. बरेच जण स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरले. ही आग एका बहुमजली व्यापारी इमारतीच्या गच्चीवरची होती, करवती शेडमधली नाही, हे नोंदवायला हवं. पण आवार गिरणीचंच होतं. गिरणीच्या आवाराला मोजकी फाटकं ठेवलेली असतात, कारण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची मोजदाद करता यावी. शेकडो आस्थापना, हजारो माणसं, दुतर्फा लावलेल्या गाड्या आणि आत यायला तीच अरुंद वाट, ही रचना रात्रीच्या गर्दीसाठी कुणी केलेली नव्हती.

उच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती ए. व्ही. सावंत यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. धडक कारवाया झाल्या, मांडव उतरले. आज आवारांमध्ये बाहेर पडण्याचे हिरवे फलक दिसतात, लाल नळ दिसतात. तरी मी एका इमारतीत दोन जिन्यांपैकी एकाच्या तोंडाशी रिकामी खोकी रचलेली पाहिली. सांगितल्यावर सुरक्षारक्षकाने ती लगेच हलवली. पण ती रोज हलवायची जबाबदारी नेमकी कुणाची हे त्याला सांगता आलं नाही. मालक, व्यवस्थापन कंपनी, भाडेकरू, पोटभाडेकरू, स्वच्छतेचा कंत्राटदार. गिरणीत ती जबाबदारी एका माणसाची असे आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असे.

चालत येणारे, लोकलने येणारे

भोंगा झाला की माणसं चाळीतून निघत आणि चालत फाटकावर पोचत. गिरणी आणि चाळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणं, हीच या भागाची वाहतूक व्यवस्था होती. पाळीवरून आलेला माणूस झोपे, त्याच जागेवरून उठलेला दुसरा पाळीला जाई. एल्फिन्स्टन रोड आणि परळ ही दोन स्थानकं, मधला पूल, हे सगळं त्या मानाने पुरेसं होतं.

आता इथे काम करणारे डोंबिवलीहून येतात, विरारहून, नवी मुंबईहून येतात. जागा कामाचीच राहिली, पण माणसं येण्याची तऱ्हा पूर्ण बदलली, आणि स्थानकं तशीच राहिली. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी झाली आणि तेवीस जण गेले. बरोबर तीन महिन्यांनी कमला मिलची आग. त्यानंतर लष्कराने नवा पादचारी पूल बांधला, तो फेब्रुवारी 2018 मध्ये खुला झाला. त्याच वर्षी एल्फिन्स्टन रोड स्थानकाचं नाव प्रभादेवी झालं आणि जुलैमध्ये लोअर परळचा धोकादायक ठरलेला डिलाइल रोडचा पूल बंद झाला, तो पूर्णपणे खुला व्हायला 2023 चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात लोअर परळ स्थानकाबाहेरची सकाळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

एखाद्या गिरणीच्या आवारात नवा वापर मंजूर करताना पाहिली जातात ती पार्किंगची जागा आणि चटई क्षेत्र. रोज सकाळी किती माणसं कुठल्या पुलावरून येतील, हा प्रश्न त्या अर्जाच्या नमुन्यात असायला हवा होता. कोरियांच्या समितीने शेजारच्या गिरण्या एकत्र बघा असं सांगितलं तेव्हा त्यात हीच दूरदृष्टी होती: आवारांमधून आरपार रस्ते काढले असते तर गर्दीला वाटा मिळाल्या असत्या. आज प्रत्येक आवार स्वतःच्या कुंपणात बंद आहे, आणि बाहेरचा रस्ता सगळ्यांचं ओझं वाहतो.

फाटकाबाहेरची दुपार

दुपारी एक वाजता फाटकाबाहेर गाड्या लागतात. पोहे, इडली, पुलाव, पोळी-भाजी, अंडा-बुर्जी, वडापाव. आतली उपाहारगृहं पाहुण्यांसाठी आणि शनिवारच्या रात्रींसाठी. रोजचं जेवण इथलं. गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं-मुली, सफाई करणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक, दुचाकीवरचे पार्सलवाले, सगळे एकाच कट्ट्याशी उभे राहून खातात. आत ज्यांची बसण्याची जागा वेगवेगळी, ती माणसं दिवसातून याच अर्ध्या तासात शेजारी येतात.

गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळींवर हजारो एकट्या कामगारांचं पोट चाले. प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या खानावळवाल्यांना संघटित केलं, कर्ज मिळवून दिलं. त्या परंपरेचा एक धागा या गाड्यांपर्यंत पोचतो. पोळी-भाजीच्या एका गाडीवरच्या मावशींचे सासरे गिरणीत होते. त्यांच्या घरी तेव्हा डबेकरी जेवायला असत. आज त्यांचा मुलगा याच आवारातल्या एका कार्यालयात देखभालीचं काम करतो, कंत्राटावर. काकांनी त्यांच्याकडे सासऱ्यांचं खातं विचारलं, गिरणीचं नाव विचारलं, आणि मग दोघांमध्ये जे बोलणं सुरू झालं त्यात मला जागा नव्हती.

गिरण्यांच्या रूपांतरातून ज्यांना आधी काही मिळायला हवं होतं ते कामगार आजही रांगेत आहेत. दत्ता इस्वलकर यांनी 1989 मध्ये बंद गिरणी कामगार संघर्ष समिती उभारली आणि 2021 मध्ये जाईपर्यंत घरांचा प्रश्न सोडला नाही. 2012 मध्ये म्हाडाची 6,925 घरांची सोडत निघाली. अर्ज दीड लाखांच्या आसपास होते. 2001 च्या दुरुस्तीने म्हाडाच्या वाट्याची जमीन आक्रसली नसती तर हा फरक इतका भयंकर नसता. काकांचा अर्जही आहे. तो कुठल्या यादीत आहे, ते त्यांनी खिशातल्या प्लास्टिकच्या पाकिटातून कागद काढून दाखवलं.

जे अजून उभं आहे

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल या कापडगावाला 1978 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. तिथल्या बूट कॉटन मिलमध्ये एका दालनात जुने साचे खरोखर चालवतात, बघायला येणाऱ्याला आधी कानात घालायला बोळे देतात. त्याच संकुलात इतरत्र घरं आहेत, कार्यालयं आहेत. आवाज ऐकल्याशिवाय गिरणी कळत नाही, हे तिथल्या लोकांनी ओळखलं. आपल्याकडे काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या दोन आणि तीन नंबरच्या जागेवर महापालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय व्हायचं आहे, पण वर्षानुवर्षं रखडत ते पुढे सरकतं आहे. तिथे साचे नुसते काचेत ठेवू नयेत. ते चालवायला शिकवू शकतील अशी माणसं आज सत्तरी-पंच्याहत्तरीत आहेत.

राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या टाटा, पोदार आणि इंडिया युनायटेड नंबर पाच या गिरण्या 2020 च्या टाळेबंदीपर्यंत चालू होत्या. त्या सार्वजनिक मालकीच्या आहेत, म्हणजे तुमच्या-माझ्या. त्यांचा निर्णय होईल तेव्हा काही गोष्टी आधी करून घेता येतील. प्रत्येक शेडचा खांबनिहाय नकाशा. कुठला खांब पोकळ, कुठलं गटार कुठे जातं, कुठल्या मजल्याची ताकद किती, जिने किती आणि कुठे उघडतात. छपराचा कुठला भाग ठेवण्याजोगा आहे आणि कुठला खरोखर मोडकळीस आला आहे; सगळं ठेवावं असा माझा आग्रह नाही. आवारातून आरपार चालत जाता येईल अशी वाट. घरांसाठीची जमीन आधी मोजून बाजूला. उरलेल्या शेडमध्ये काही गाळे लहान उद्योगांना, शिवणकाम-विणकामाच्या कार्यशाळांना परवडतील अशा भाड्याने. आणि या पाहणीत अभियंत्यांसोबत त्या त्या खात्यातला एक तरी जुना कामगार, मानधन देऊन. पोकळ खांब ओळखायला काकांना एक टकटक पुरली होती.

त्यांनी पोदार मिलच्या विणाई खात्यात काम केलेल्या दोन मित्रांचे नंबर मला दिले आहेत. दोघेही यायला तयार आहेत.